झोपेतली हजेरी

एटीमेगा३२यू४ ही चिप दिसायला साधीच. पाय ४४, प्रोसेसर आठ बिटांचा, प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट जागा आणि रॅम अडीच किलोबाइट, एवढाच संसार. ॲटमेलची ही चिप २०१२ मध्ये आलेल्या आर्डुइनो लिओनार्डो बोर्डामुळे हौशी मंडळींच्या हाती आली आणि पुढे घरी जोडलेल्या कितीतरी मेकॅनिकल कीबोर्डांच्या पोटात जाऊन बसली. आर्डुइनोच्याच ऊनो बोर्डावर यूएसबीचं बोलणं करायला एक वेगळी चिप ठेवावी लागे. इथे ते काम हीच करते. या सोयीसोबत एक जबाबदारीही आली. बॅटरीवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची वीज वाचवायची तर ‘काय काय बंद करता येईल?’ एवढंच विचारायचं असतं. यूएसबीच्या दोरीला बांधलेल्या चिपला तो प्रश्न पुरत नाही. काय चालू ठेवलं म्हणजे पलीकडचा संगणक आपल्याला हजर धरेल, हे तिला आधी ठरवावं लागतं.

नियम तसे थोडे आहेत. संगणक दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवत असतो. तीन मिलिसेकंद दोन्ही तारांवर शांतता राहिली की चिपने ओळखायचं, आता झोपायची वेळ झाली. आणि दहा मिलिसेकंदांच्या आत आपला करंट मर्यादेखाली आणायचा. १९९६ च्या पहिल्या यूएसबी मानकात साध्या उपकरणासाठी ही मर्यादा ५०० मायक्रोअँपिअर होती, पुढे ती सैल करून अडीच मिलिअँपिअर केली गेली. जुना आकडा किती कडक होता हे एका रेझिस्टरवरून कळतं. फुल-स्पीड उपकरण आपण जोडलेले आहोत हे सांगण्यासाठी डी-प्लस तार दीड किलोओममधून ३.३ व्होल्टला वर ओढून धरतं, आणि संगणकाच्या बाजूला तीच तार १५ किलोओममधून जमिनीला जोडलेली असते. दोन्ही मिळून साडेसोळा किलोओम, म्हणजे २०० मायक्रोअँपिअर. पाचशेतले दोनशे नुसत्या हजेरीवर गेले! नवी मर्यादाही वाटते तेवढी ऐसपैस नाही. बोर्डावर वीज आल्याचं सांगणारा लाल दिवा एक किलोओममधून पाच व्होल्टवर लावला, तर तो एकटाच तीन मिलिअँपिअर खातो. चिप कितीही शहाणी असली तरी त्या दिव्यापुढे तिची सगळी काटकसर फुकट.

मग तो दीड किलोओमचा रेझिस्टरच सोडून का देऊ नये? चिपमध्ये तशी सोय आहे. एक बिट बदलला की हा पुल-अप रेझिस्टर सुटतो आणि ते २०० मायक्रोअँपिअरही वाचतात. पण संगणकाच्या लेखी तेव्हा कोणीतरी वायर उपटलेली असते. दिलेला पत्ता जातो, उघडलेला सिरियल पोर्ट तुटतो, आणि पुन्हा जोडताना सगळी ओळखपरेड पहिल्यापासून करावी लागते. झोपलेल्या संगणकाला कळ दाबून उठवायची शक्यताही त्याबरोबर संपते. अलिप्त होणं ही झोप नव्हे, गैरहजेरी आहे.

झोपायचा क्रमही ठरलेला आहे. आधी यूएसबी विभागाचं क्लॉक गोठवायचं, मग १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ४८ मेगाहर्ट्झ तयार करणारं पीएलएल बंद करायचं, शेवटी प्रोसेसर निजवायचा. उठताना उलटं: पीएलएल सुरू करायचं, ते स्थिरावल्याची खूण येईपर्यंत थांबायचं आणि मगच क्लॉक मोकळं करायचं. इथे घाई केली तर नडते, आणि घाईचं कारण खरं तर काही नाही. संगणक उठवण्याची खूण किमान २० मिलिसेकंद धरून ठेवतो आणि त्यानंतर आणखी १० मिलिसेकंद सवड देतो, ती याच कामासाठी.

कीबोर्डाची अडचण मात्र वेगळी. झोपेत कळ दाबली गेली हे कळणार कसं? या चिपमध्ये पातळी बदलताच जागं करणाऱ्या पिना आठ आहेत, आणि त्या सगळ्या बी पोर्टवर. त्यांच्याशिवाय मोजक्या बाह्य इंटरप्टच्या पिना, बस्स. कळांच्या ओळी सोयीप्रमाणे दुसऱ्याच पोर्टांना जोडलेल्या असतील, तर वॉचडॉग टायमर लावून दर १५-१६ मिलिसेकंदांनी डोळे उघडायचे, सगळ्या ओळी एकदा चाळायच्या आणि पुन्हा पडायचं, हाच उपाय उरतो. आईची झोप अशीच असते. सर्किट आखताना पिना निवडल्या तेव्हाच विजेचा हा हिशेब ठरून गेला होता. फर्मवेअर लिहिणारा नंतर फक्त निस्तरतो.

कळ दाबल्यावर संगणकाला उठवण्यासाठी चिप १ ते १५ मिलिसेकंदांची खूण तारेवर देते. तो अधिकार मात्र मागून घ्यावा लागतो. ओळख सांगणाऱ्या डिस्क्रिप्टरमध्ये ‘मी उठवू शकतो’ असा एक बिट असतो. तिथे हेक्स ८० च्या जागी ए० लिहिलं की झालं. लिनक्समधले कीबोर्डाचे आणि सिरियल पोर्टाचे ड्रायव्हर हा बिट नसलेल्या उपकरणाला, ते वापरात असताना, आपण होऊन झोपवतच नाहीत. त्यांचं बरोबरच आहे: ज्याला हाक मारता येत नाही त्याला निजवलं तर कळा हरवतील. म्हणून झोपेचा कोड कितीही नेटका असो, हा बिट विसरला तर संगणक स्वतः झोपेपर्यंत तो चालायची वेळच येत नाही. इंटरफेसची निवडही अशीच विजेशी बांधलेली आहे. ध्वनीच्या उपकरणांत इंटरफेसची शून्य क्रमांकाची मांडणी बँडविड्थ न मागणारी ठेवतात. आवाज वाजवायचा नसेल तेव्हा संगणक त्या मांडणीवर परत येतो, आणि आवाजाचं काम थांबवायला चिप मोकळी होते. आणि यूएसबी बस जागी असतानाही प्रोसेसरला डुलकी घेता येते, कारण ‘अजून काही नाही’ हे उत्तर यूएसबी विभाग परस्पर देतो. फक्त दर मिलिसेकंदाच्या खुणेवर इंटरप्ट लावून ठेवला नसेल तर. लावला असेल तर सेकंदाला हजार वेळा उठणं आलं.

‘भिंतीतून वीज मिळत असताना जाग्या चिपच्या २० मिलिअँपिअरचं काय कौतुक?’ हा आक्षेप रास्त आहे. पाच व्होल्टवर ते ०.१ वॅट, कोणाच्या बिलात दिसणारही नाहीत. पण खरा खर्च पलीकडे होतो. पोर्टावर एक उपकरण जागं असेल तर संगणकातल्या, यूएसबी सांभाळणाऱ्या होस्ट कंट्रोलरला जागं राहावं लागतं. जुने कंट्रोलर तर दर मिलिसेकंदाला मेमरीतली कामांची यादी वाचत आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरला गाढ झोप लागू देत नसत. नखाएवढ्या चिपच्या जागरणाचा भार तिथे पडतो.

हे सगळं जमलं का, ते मोजल्याशिवाय कळत नाही. बरेचसे स्वस्त यूएसबी मीटर १० मिलिअँपिअरच्या पायरीने आकडा दाखवतात; त्यांच्यावर शून्य दिसलं म्हणून समाधान मानू नये. पाच व्होल्टची तार कापून मध्ये मल्टिमीटर लावावा, लॅपटॉप निजवावा. आकडा तीनच्या आसपास अडला, तर फर्मवेअर उघडण्याआधी सोल्डरिंग आयर्न तापवून तो लाल दिवा काढावा.