त्रिकोणमितीची स्पर्धा आणि घड्याळाचा काटा

१४ एप्रिल जवळ आला की बारामती-इंदापूर भागात निबंध, वक्तृत्व, गायन अशा स्पर्धांची पत्रके निघू लागतात. गणिताचे पत्रक मात्र क्वचितच दिसते. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही सुचवितो की, नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी वेळ लावून त्रिकोणमितीची स्पर्धा घ्यावी. ती एप्रिलमध्ये घेऊन उपयोग नाही, तोवर दहावीची परीक्षा उरकलेली असते. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीजवळचा रविवार धरावा, आणि तोही सकाळचा. म्हणजे लांबच्या वाडीवरच्या मुली एस.टी.ने दिवसाउजेडी घरी पोहोचतील.

वेळ कशासाठी लावायची, असे कोणी विचारील. दहावीचा गणित भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि २ तासांचा असतो. म्हणजे एका गुणाला ३ मिनिटे. शिकवणीला जाणारी मुले असे पेपर वेळ लावून पुन्हा पुन्हा सोडवितात. ज्या घरात शिकवणीची फी परवडत नाही, तिथल्या मुलाची आणि घड्याळाची गाठ थेट बोर्डातच पडते. येत असलेले गणितही मग हातून सुटते. ही सवय त्याला फुकट मिळावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

परंतु नुसती वेगाची शर्यत लावली तर बक्षीस पुन्हा पाठांतर करणाऱ्यालाच जाईल. म्हणून ३०, ४५ आणि ६० अंशांच्या किमतींचा तक्ता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांनी आधी स्वतः पेपर सोडवून वेळ मोजावी व मुलांना तिच्या तिप्पट द्यावी. दहा मिनिटे लागली तर अर्धा तास. आकृतीला, सूत्राला आणि उत्तराला वेगवेगळे गुण असावेत. पेपर लवकर दिला म्हणून जादा गुण नकोत. दोघांचे गुण सारखे आले तर बक्षीस विभागून द्यावे, सेकंद मोजत बसू नये. घड्याळ सर्वांना दिसेल असे टांगावे आणि अर्धा वेळ झाल्याचे एकदाच सांगावे. "पाच मिनिटं राहिली!" असे ओरडत बाकांमधून फिरणारे उत्साही कार्यकर्ते प्रत्येक गावात असतात. त्यांना चहाच्या व्यवस्थेला लावावे.

प्रश्न आपल्या भागातले असावेत. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात गेले. पाणी उतरू लागले की त्याचे शिखर दिसते, पण पायथ्याशी जाता येत नाही. मग उंची कशी काढायची? समजा, काठावरून शिखराचा उन्नत कोन ३० अंश आला आणि सरळ २० मीटर पुढे गेल्यावर तो ६० झाला. दोन्ही दृष्टिरेषांमधला कोन ३० अंशच उरतो, म्हणून तो त्रिकोण समद्विभुज. दुसऱ्या जागेपासून शिखराचे तिरके अंतरही २० मीटर. त्याला साइन ६० ने गुणले की डोळ्याच्या पातळीपासून शिखर १७.३ मीटर उंच. आकडे सरावाचे आहेत, रीत खरी आहे. १५ क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे एव्हरेस्टची उंची अशाच दुरून मोजलेल्या कोनांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास काढली आणि १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्यांना अर्ध्या तासाचे बंधन नव्हते, हेही मुलांना जरूर सांगावे.

दुसरी फेरी मैदानात घ्यावी. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि ओळंब्यासाठी खडा एवढे साहित्य पुरते. कोनमापकाच्या सरळ कडेवरून झेंड्याच्या खांबाचे टोक पाहावे. दोरा जिथे ९० च्या खुणेपासून सरकतो, तितके अंश तो उन्नत कोन. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, एकाने पाहावे आणि दुसऱ्याने दोरा वाचावा. कोन ४५ येईपर्यंत मागे सरकले तर गणितच उरत नाही. खांबापर्यंतचे अंतर अधिक डोळ्याची उंची, झाली खांबाची उंची! ही युक्ती ज्यांना आपली आपण सुचेल, त्यांना आम्ही पहिला नंबर देऊ.

जानेवारीत इकडे कारखान्यांचे गाळप चालू असते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली नववी-दहावीच्या वयाची मुले कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळीत बसलेली दिसतात. पत्रक तिथवर गेले पाहिजे. शाळेचा दाखला, प्रवेश फी, गणवेश काही मागू नये. कोरे कागद व पेन्सिल तिथेच द्यावी. तपासलेली उत्तरपत्रिका त्याच दुपारी ज्याची त्याला परत मिळावी, कारण पुढच्या रविवारी त्या मुलाचा तळ कोणत्या गावी असेल ते कोणास ठाऊक.