नाम, रूप आणि एक जायफळ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात एक मार्मिक विधान आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी हे औषधींना नामरूपाने ओळखतात. परंतु तेवढ्याने औषधीची योजना कळत नाही. नामरूपासह योग जाणणारा तो खरा तज्ज्ञ. वीस वर्षे चिकित्साव्यवसाय केल्यानंतर मॉरिशसमधील एका उद्यानात मला जाणवले, की आपले नेमके उलट झाले आहे. योग मुखोद्गत आहेत. रूप मात्र हरवले आहे.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील अवघे १,८६५ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे बेट. एकोणिसाव्या शतकात येथून, मुख्यतः कोकणातून, मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठी जपून आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अशाच एका कुटुंबाकडे आम्ही उतरलो होतो. यजमान सत्तरीचे. मी वैद्य असल्याचे कळताच म्हणाले, "मग तुम्हांला पांप्लेमूसला नेलंच पाहिजे. तिथली झाडं तुमच्याच ओळखीची असतील."

पांप्लेमूस म्हणजे फ्रेंच भाषेत पपनस. राजधानी पोर्ट लुईपासून सुमारे ११ कि.मी. अंतरावरील या गावात सुमारे ९० एकरांचे विख्यात वनस्पती उद्यान आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेले देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव १९८८ मध्ये त्यास देण्यात आले. ताडवर्गीय वृक्षांच्या उंच रांगा ओलांडून आपण जलाशयाशी येतो. काठ वर वळलेल्या परातींसारखी अमेझॉन कमळाची प्रचंड पाने पाण्यावर पसरलेली असतात. दुसऱ्या तळ्यात आपले कमळ. त्याची पाने पाण्याच्या वर देठावर उभी राहतात. कुमुदाची पाने पाण्यावर तरंगतात. कमळ व कुमुद यांतील हा भेद मी परीक्षेत लिहिला होता. नीट निरखून पाहिला तो येथे.

उद्यानाचा इतिहास आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. लवंग आणि जायफळ यांच्या व्यापारावर तेव्हा डचांची मक्तेदारी होती. जायफळ कोठेही रुजू नये म्हणून ते चुन्यात बुडवून विकले जाई. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने १७७० मध्ये मोलुक्का बेटांकडून ही रोपे गुप्तपणे आणवून येथे लावली. त्याआधीचा त्याचा एक प्रयत्न मात्र वादात सापडला होता. आणलेली रोपे खऱ्या जायफळाची नव्हेतच, असे वनस्पतिज्ञ फ्यूझे-ओब्ले यांचे म्हणणे होते. म्हणजे द्रव्याच्या खरेपणाचा प्रश्न तेव्हाही होताच.

मार्गदर्शकाने दालचिनीचे व कापराचे पान चुरडून हुंगावयास दिले. पुढे जायफळाच्या झाडाखाली पडलेले एक फळ उचलून त्याने उघडले. पिवळसर, जर्दाळूसारखे फळ. आत चकचकीत तपकिरी कवचाचे बीज आणि त्याला घट्ट कवटाळून बसलेली लालभडक, ओलसर जाळी. ती जायपत्री! आयुष्यभर मी पिवळट, वाळके तुकडेच पाहिले होते. यजमान हसून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तर पहिल्यांदाच बघताय असं वाटतं." खोटे बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या क्षणी मला एक जुना रुग्ण आठवला. ग्रहणीच्या या रुग्णास मी जायपत्रीयुक्त चूर्ण देत होतो. गुण येईना. मात्रा बदलली, अनुपान बदलले, पथ्याबद्दल रुग्णाला बोल लावला. अखेर काष्ठौषधींच्या एका वृद्ध व्यापाऱ्याने माझ्या पुडीतील तंतू जिभेवर ठेवून सांगितले, "वैद्यराज, ही रामपत्री आहे. वास कुठाय हिला?" गुण न येण्याचे कारण तेवढेच होते, असा दावा मी करणार नाही. परंतु जे द्रव्य मी दिलेच नव्हते, त्याच्या अपयशाचा विचार करीत मी दोन महिने घालविले, आणि दोष रुग्णाच्या पदरी टाकला.

परतल्यावर कळले ते अधिक लाजविणारे होते. जायफळ पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरजच नव्हती. कोकणात नारळाच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून ते घेतले जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जातीही प्रसारित केल्या आहेत. ज्या भूमीतून यजमानांचे पूर्वज गेले, तेथेच हे झाड आज उभे आहे.

वैद्यबंधुभगिनींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या प्रत्येक शाखेच्या मासिक सभेत एक द्रव्य ताज्या स्वरूपात, त्याच्या वाळलेल्या नमुन्यासह व बाजारातील भेसळीसह मांडले जावे. दहा मिनिटे पुरतील. माझ्या चिकित्सालयात आता एका काचेच्या बरणीत जायपत्री आणि दुसरीत रामपत्री ठेवलेली आहे. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी दोन्ही हुंगावयास देतो, नावे मात्र सांगत नाही.