ट्रक चालकाचे तास आणि संगणकाचा हिशेब

माल तयार करणे हा व्यापाराचा अर्धा भाग झाला. तो वेळेवर आणि सुखरूप पोचणे हा उरलेला अर्धा. कापडाच्या गाठी गोदामातून निघाल्या, बिल्टी हातात पडली, की पुढचे सारे ट्रक चालकाच्या हवाली असते. आणि चालक माणूस आहे, यंत्र नव्हे. त्याने सलग किती तास गाडी हाकावी, केव्हा थांबावे, किती झोप घ्यावी, हा प्रश्न केवळ कामगार खात्याचा नाही. तो मालधन्याचा आहे, वाहतूकदाराचा आहे आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मुसाफिराचाही आहे. पाश्चात्त्य देशांत याचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाची मदत घेतली जाते. ती पद्धत आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत चालकांच्या तासांवर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बंधने आहेत. जानेवारी २००४ पासून तेथे असा नियम आहे की, सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर चालकाने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी, आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. ८ दिवसांत ७० तासांहून अधिक काम झाले की गाडी चालवणे बंद. मात्र सलग ३४ तास सुट्टी घेतली की हा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

येथेच मेख होती. रोज १४ तास काम केले तर ७० तास पाच दिवसांत भरतात. मग ३४ तास थांबून चालक पुन्हा रस्त्यावर येई. सरासरी काढली तर आठवड्याला सुमारे ८२ तास काम कायद्यात बसत होते. म्हणून जुलै २०१३ मध्ये ही सवलत आठवड्यातून एकदाच घेता येईल आणि तिच्यात पहाटे १ ते ५ या वेळेच्या दोन रात्री आल्या पाहिजेत, असे ठरले. शिवाय आठ तासांनंतर अर्ध्या तासाचा थांबा सक्तीचा झाला.

युरोपीय संघाचे नियम अधिक कडक आहेत. तेथे दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १० तास), साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा थांबा आणि दोन आठवड्यांत मिळून ९० तासच गाडी चालवता येते.

संगणकातील वाहतूक कंपनी

यांतला कोणता नियम चांगला, हे ठरवायचे कसे? निम्म्या चालकांना मुद्दाम कमी झोप देऊन अपघात मोजता येत नाहीत. नियम बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहावेत, तर त्या काळात पाऊसपाणी, रस्ते, डिझेलचा भाव, बाजाराची तेजी-मंदी हे सारेच बदललेले असते.

म्हणून अभ्यासक संगणकात एक कल्पित वाहतूक कंपनी उभी करतात. तिच्याकडे इतक्या गाड्या, इतके ग्राहक, प्रत्येकाचे अंतर आणि दुकान उघडण्या-मिटण्याची वेळ, अशी सारी माहिती भरली जाते. प्रत्येक चालकाचे घड्याळ चालू होते. तास भरले की संगणक त्याला थांबवतो, झोपवतो, पुन्हा निघू देतो. तोच माल, तेच रस्ते, तेच ग्राहक ठेवायचे आणि फक्त नियम बदलायचा. मग खर्च किती वाढला आणि थकव्यामुळे अपघाताचा धोका किती घटला, हे समोरासमोर दिसते. आपण कापडाचा भाव काढताना सुताचा दर बदलून बाकी खर्च तसाच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

अस्विन गोएल आणि तिबो व्हिदाल या अभ्यासकांनी अमेरिका, कॅनडा, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलिया येथील नियम अशा रीतीने तपासले. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, सर्वांत सुरक्षित नियम युरोपचे आणि सर्वांत कमी खर्चाचे कॅनडाचे. ऑस्ट्रेलियात खर्चाच्या मानाने धोका विनाकारण जास्त. अमेरिकेच्या नव्या बदलाने खर्च माफक वाढतो, पण धोका कमी होतो.

संगणकाची मर्यादा

पण संगणकाचे उत्तर म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. अमेरिकी संसदेने डिसेंबर २०१४ मध्ये ३४ तासांवरील नव्या अटी स्थगित केल्या आणि प्रत्यक्ष चालकांवर अभ्यास करण्यास सांगितले. दोनशेहून अधिक चालकांची झोप आणि सावधपणा मोजला गेला. २०१७ मध्ये अहवाल आला की, त्या अटींमुळे ठोस फायदा झाल्याचे दिसत नाही. त्या अटी परत आल्या नाहीत. याचा अर्थ नक्कल निरुपयोगी असा नाही. नक्कल रस्ता दाखवते, पण खात्री जिवंत माणसाकडूनच करावी लागते.

थांबवून ठेवलेल्या गाडीची किंमत

व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट यापुढेच आहे. समजा, अमेरिकेतील चालक सकाळी माल भरायला आला आणि गोदामात त्याचे चार तास गेले. त्याच्या १४ तासांचे घड्याळ तेव्हापासूनच चालू झालेले असते. चार तास आणि सक्तीचा अर्धा तास वजा केला की गाडी चालवायला साडेनऊ तास उरतात. ११ पैकी दीड तास बुडाला. ताशी ८० किलोमीटर धरले तर १२० किलोमीटर कमी पडले. चालकाला बहुधा अंतराप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे ही नुकसानी त्याच्या खिशातून जाते, आणि ती भरून काढायला तो घाई करतो.

अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या महानिरीक्षकांचा २०१८ चा अहवाल सांगतो की, माल भरण्या-उतरवण्यासाठी लागणारा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचे प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढण्याचा अंदाज आहे. पंधरा मिनिटे म्हणजे आपल्या पेढीवर एक चहा!

आपल्या देशातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही सांगितली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४ तासांची मुभा होती. म्हणजे कायद्याला हा विचार नवा नाही. पण भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत गाडी लावली, हमाल आले नाहीत, बिल तयार नाही, म्हणून चालक तासन्‌तास गोदामाबाहेर ताटकळतो. आणि मग फोनवर त्यालाच सुनावले जाते की, सकाळपर्यंत माल पोचलाच पाहिजे.

वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि महाविद्यालयांतील संगणक विभागांनी मिळून आपल्या मार्गांची अशी नक्कल करून पाहावी. नाके, घाट, बाजाराच्या वेळा आपल्याच घालाव्यात. तोवर प्रत्येक पेढीने एक साधी वही ठेवावी. गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, एवढेच त्यात लिहावे. महिनाभरात कळेल की, चालकाच्या झोपेतले किती तास आपल्या दारात खर्ची पडले. भाडे ठरवताना आपण रुपया-रुपयाची घासाघीस करतो. माणसाच्या वेळेचाही हिशेब तितकाच चोख असावा.