यंत्र एका खोलींत, खेळ दुसऱ्या खोलींत

संगणकावरील आभासी सृष्टीच्या खेळास हात पसरण्याइतकी मोकळी जागा लागते. पुण्यांतील पुष्कळ घरांत संगणक अभ्यासाच्या खोलींत व मोकळी जागा दिवाणखान्यांत असते. अशा वेळीं संगणक जागचा न हलवितां चित्रेंच तेथवर न्यावीं.

डोळ्यांवरील यंत्रांत सेकंदास सुमारें ९० चित्रें उमटतात. त्यांस विलंब झाला कीं मस्तक गरगरतें. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींत क्षीण होतात. म्हणून राउटर खेळाच्या खोलींत ठेवून तो संगणकाशीं इथरनेटच्या तारेनें जोडावा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. आपल्याच जिल्ह्यांत खोडद येथील रेडिओ-दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संदेशही प्रकाशतंतूंतूनच मध्यवर्ती इमारतींत येतात.

खेळणाऱ्यास भिंत, मेज वा धाकटें भावंड दिसत नाहीं. यास्तव प्रथम सीमा आंखावी व वडील माणसानें जवळ बसावें.