हिरव्या वृक्षमंडूकाच्या पिलाचे संगोपन : निवास, जल व आहार यांचा विचार

प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात बेडकाच्या विच्छेदनास दीर्घकाळ मानाचे स्थान होते. त्याचा परिणाम असा झाला की, मृत बेडकाच्या अंतर्रचनेशी आपला जेवढा परिचय आहे तेवढा जिवंत बेडकाच्या गरजांशी नाही. एखादे उभयचर पिलू पाळण्याचा प्रसंग आला म्हणजे ही उणीव चटकन ध्यानात येते. पिलू पहिले काही दिवस उत्तम दिसते, पुढे निश्चल बसू लागते आणि एके सकाळी मेलेले आढळते. अशा मृत्यूची कारणे बहुधा गूढ नसतात, ती त्याच्या निवासातच असतात. ऑस्ट्रेलियातील हिरवा वृक्षमंडूक हे उदाहरण घेऊन या कारणांचा व त्यांवरील उपायांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राण्याचा परिचय

लिटोरिया सेरुलिया या नावाने हा प्राणी प्रसिद्ध आहे. अलीकडील काही वर्गीकरणकार त्याचा समावेश रॅनॉइडिया या प्रजातीत करतात. जॉन व्हाइट यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जातिनामाचा अर्थ ‘निळा’ असा आहे. त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याचा थर जतनद्रव्यात नष्ट झाल्यामुळे मूळ नमुना निळा दिसला असावा, असे मानले जाते. उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग हे त्याचे नैसर्गिक क्षेत्र होय. झाडांच्या ढोली हे त्याचे मूळ आश्रयस्थान असले, तरी पाण्याच्या टाक्या, पन्हळी व ग्रामीण शौचकूप येथेही तो निःशंकपणे वस्ती करतो. पूर्ण वाढलेली मादी सुमारे १० सेंटिमीटर लांब असते. नर तिच्याहून लहान असतो. बंदिवासात योग्य निगा राखल्यास हा प्राणी १५ वर्षांहून अधिक जगतो. म्हणून संगोपनाचा निर्णय घेताना एवढ्या दीर्घ जबाबदारीचा विचार आधी करणे इष्ट होय.

त्वचा : संगोपनाचे मूलसूत्र

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागील भागातील व मांड्यांजवळील पातळ, रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा त्वचेतून तो पाणी शोषून घेतो. श्वसनाचा काही भाग आणि क्षारांचे नियमन ही कार्येही त्वचेकडेच आहेत. याच त्वचेतून एर्स्पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात सेरुलीन हे पेप्टाइड वेगळे केले. स्वादुपिंडाच्या प्रायोगिक अभ्यासात ते आजही वापरले जाते. तात्पर्य, भोवतालच्या पाण्यात, मातीत वा पालकाच्या हातावर जे काही विद्राव्य असेल, ते बेडकाच्या देहात शिरू शकते. पुढील सर्व नियम या एका तत्त्वातून निष्पन्न होतात.

निवासाची रचना

वृक्षवासी प्राण्यास जमिनीच्या विस्तारापेक्षा उंची अधिक उपयोगी पडते. प्रौढासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व ६० सेंटिमीटर उंच काचपेटी पुरेशी होते. पिलास मात्र आरंभी याहून लहान पेटी द्यावी, कारण मोठ्या जागेत विखुरलेले भक्ष्य त्यास सापडत नाही व आपण त्याच्या खाण्यावर लक्षही ठेवू शकत नाही. झाकण घट्ट बसणारे, परंतु जाळीचे असावे. कोंदट हवा व सतत ओली तळभूमी यांमुळे जंतूंची वाढ होते.

पिलाच्या पेटीत तळाशी ओलसर साधा कागद घालावा व तो वारंवार बदलावा. खडी वापरू नये. भक्ष्य पकडताना खडा गिळला गेल्यास आतड्याचा मार्ग बंद होतो. पिलू मोठे झाल्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा वापरता येतो. तिरप्या व आडव्या फांद्या, रुंद पानांची वनस्पती आणि दिवसा लपण्यासाठी सालीचा पोकळ तुकडा, एवढे सामान पुरते.

पेटीत सर्वत्र एकच तापमान ठेवणे चुकीचे आहे. उष्ण बाजू २६ ते २८ अंश सेल्सियस व दुसरी बाजू त्याहून काही अंश थंड असावी. रात्री तापमान २० अंशांच्या आसपास उतरले तरी चालते. उष्णतेचे साधन पेटीबाहेर बसवून त्यास तापनियंत्रक जोडावा. तापमानातील फरकाचे महत्त्व या प्राण्याच्या निसर्गातील वर्तनावरूनही दिसते. उत्तर ऑस्ट्रेलियातील कोरड्या ऋतूत हे बेडूक थंड रात्री उघड्यावर बसतात व मग उबदार, दमट ढोलीत परततात. तेव्हा त्यांच्या गार अंगावर दव जमते व ते त्वचेतून शोषले जाते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले.

बारा तास उजेड व बारा तास अंधार असा क्रम ठेवावा. सौम्य जंबुपार दीप लावावा. त्याच्या साहाय्याने त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण होते. मात्र त्यापासून दूर जाता येईल अशी सावली पेटीत असलीच पाहिजे.

जल

उथळ पात्रातील पाणी रोज बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन एक दिवस उघडे ठेवल्याने बव्हंशी निघून जातो. परंतु क्लोरामाइन असल्यास तो निघत नाही, त्यासाठी निष्क्रियक द्रव्य वापरावे लागते. ऊर्ध्वपातित पाणी शुद्ध म्हणून सुरक्षित समजू नये. त्यात क्षार नसल्याने बेडकाच्या देहातील क्षारांचे संतुलन बिघडू शकते. विष्ठा साचलेल्या पाण्यातील अमोनिया त्वचेतून परत देहात जातो, हेही स्मरणात ठेवावे. पिलू हाती घेणे शक्यतो टाळावे. आवश्यक असल्यास धुतलेले, ओले, चूर्णविरहित हातमोजे वापरावेत.

आहार

वाढत्या पिलास रोज आणि प्रौढास आठवड्यातून दोन-तीनदा अन्न द्यावे. भक्ष्याचा आकार बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. रातकिडे, लहान झुरळे व गांडुळे हे योग्य अन्न होय. परंतु रातकिड्यात फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या अनेक पटींनी असते. केवळ त्यांवर वाढलेल्या पिलाची हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो व पाय थरथरतात. म्हणून कीटकांना आधी पौष्टिक खाद्य देऊन मग त्यांवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचे चूर्ण भुरभुरावे. अ जीवनसत्त्वाचा अभाव झाल्यास जिभेवरील ग्रंथींच्या पेशी बदलतात व जिभेचा चिकटपणा नाहीसा होतो. अशा बेडकास भूक असूनही भक्ष्य पकडता येत नाही. पालक मात्र ‘हा खात नाही’ एवढीच नोंद करतो. प्रौढावस्थेत उलट लठ्ठपणाचा धोका असतो. डोळ्यांवरील मेदाच्या वळ्या लोंबू लागल्या की अन्न कमी करावे.

रोग व विलगीकरण

बॅट्रॅकोकिट्रियम डेंड्रोबॅटिडिस या कवकाने जगभर उभयचरांचा मोठा संहार केला आहे. हे कवक घातक कसे ठरते, याचा उलगडा २००९ मध्ये व्हॉइल्स व सहकाऱ्यांनी याच वृक्षमंडूकावर केलेल्या अभ्यासातून झाला. रोगग्रस्त त्वचेतून होणारे क्षारांचे वहन निम्म्याहून अधिक घटते, रक्तातील सोडियम व पोटॅशियम उतरतात आणि अखेर हृदय बंद पडते. हे कवक १७ ते २५ अंश तापमानात उत्तम वाढते. त्याहून अधिक उष्णता त्यास मानवत नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या एका जातीच्या बेडकांना उन्हाने तापणाऱ्या सच्छिद्र विटांचा आश्रय दिला असता त्यांचा संसर्ग कमी झाल्याचे आढळले. निवासातील उष्ण कोपरा ही केवळ सोय नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नवे पिलू किमान ३० दिवस स्वतंत्र ठेवावे, त्याची उपकरणे वेगळी असावीत व त्वचेवरील बोळ्याची तपासणी करून घ्यावी. कात टाकणे व ती खाणे स्वाभाविक आहे; परंतु वारंवार कात टाकणे, पोटावर लाली येणे व दिवसा उघड्यावर सुस्त बसून राहणे ही चिन्हे दिसताच पशुवैद्याकडे जावे. पेटीतील पाणी निर्जंतुक केल्याविना ओढ्यात वा गटारात टाकू नये आणि पाळलेला बेडूक निसर्गात सोडू नये. एका पेटीतील रोग संपूर्ण खोऱ्यात पोहोचण्यास तेवढे पुरते.

याच कारणास्तव पिलू बंदिवासात जन्मलेलेच घ्यावे. ऑस्ट्रेलियात अनेक राज्यांत त्यासाठी परवाना लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात घराच्या न्हाणीघरात येणारा वृक्षमंडूक पाहून त्यास पेटीत ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. सह्याद्रीतील कित्येक जातींचे क्षेत्र फार लहान आहे, आणि जागेवरच केलेली निरीक्षणे अभ्यासकास अधिक उपयोगी पडतात.

पालकाने एक नोंदवही अवश्य ठेवावी. दोन्ही टोकांचे तापमान, आर्द्रता, दिलेले व खाल्लेले अन्न, कात टाकल्याचा दिवस आणि आठवड्याचे वजन तीत लिहावे. बेडूक वेदना आवाजाने व्यक्त करत नाही. त्याचे वजन घटू लागले, तर ते प्रथम या वहीतच दिसून येते.