रुंद केली की झाली? स्पोर्ट क्वाडच्या पुढच्या सस्पेन्शनचे गैरसमज

अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवायला मिळते ती चारचाकी आणि स्पोर्ट क्वाड यांची गल्लत करू नये. यामाहाची रॅप्टर 700 किंवा वायएफझेड450आर, होंडाची टीआरएक्स450आर ही खरी स्पोर्ट क्वाड. वजनाला हलकी, चेनवर चालणारी, ताकद फक्त मागच्या चाकांना. यांचं घर म्हणजे अमेरिकेतले मोटोक्रॉसचे ट्रॅक आणि कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकड्या. मागे एकच आडवा अ‍ॅक्सल, त्याला धरणारा स्विंगआर्म आणि एक शॉकअप. पुढे मात्र प्रत्येक चाकाला वर-खाली दोन ए-आर्म आणि स्वतंत्र शॉकअप. जुनी क्वाड घेतली की मालकाचे पहिले पैसे पुढच्या या भागावर खर्च होतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने.

‘लांब ए-आर्म लावले की गाडी उलटत नाही आणि भक्कम होते.’ यातलं पहिलं अर्धं तरी खरं आहे. रॅप्टर 700 मुळात सुमारे 46 इंच रुंद. बाजारात ‘प्लस टू, प्लस वन’ नावाने मिळणारे ए-आर्म दोन्ही चाकांना दोन-दोन इंच बाहेर आणि एक इंच पुढे नेतात. म्हणजे पुढची रुंदी 50 इंच होते, आणि अमेरिकेतल्या क्वाड मोटोक्रॉसची मर्यादाही तेवढीच. वळणावर आतलं चाक उचलायला आता जास्त जोर लागतो, चाकं पुढे गेल्याने सरळ रस्त्यावर गाडी डुलत नाही. मात्र ती वळायला थोडी आळशी होते, आणि दोन झाडांमधून काढताना ते चार इंच नको होतात. यामाहालाही हे ठाऊक होतं. 2009 साली सुमारे 49 इंचांची वायएफझेड450आर आणल्यावर त्यांनी जंगलवाटांसाठी सुमारे 46 इंचांची वायएफझेड450एक्स वेगळी काढली.

भक्कमपणाचं म्हणाल तर गाडी चक्क मऊ होते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. लांब दांड्याच्या पान्याने घट्ट नट जसा सहज फिरतो, तसंच लांब झालेला आर्म शॉकअपला सहज दाबतो. समजा आर्मची लांबी 13 इंचांवरून 15 केली आणि शॉकअपचा खालचा बोल्ट होता तिथेच राहिला. चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा जोर लांबीच्या प्रमाणात नाही, तर तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 13 चा वर्ग 169, 15 चा 225. म्हणजे स्प्रिंग तीच असून चाकापाशी तिचा जोर जवळजवळ पाव हिश्शाने गेला. शॉकअपच्या तेलाचा विरोधही त्याच हिशेबाने उतरतो. गाडीचं नाक खाली बसतं, उडीनंतर पुढचा भाग तळाला आपटतो, आणि मालक नव्या आर्मना दोष देतो. खरं तर आर्मच्या ऑर्डरसोबतच कडक स्प्रिंग आणि नव्याने बसवलेलं व्हॉल्व्हिंग (तेलाचा विरोध ठरवणारी आतली रचना) मागवायला हवं होतं.

हँडलचं वळण चाकांपर्यंत नेणारे टाय रॉड आणि ब्रेकचे पाइपही आर्मच्या जोडीने लांब घ्यावे लागतात. टाय रॉडची लांबी आणि कोन आर्मशी जुळले नाहीत, तर खड्ड्यातून जाताना हँडल स्थिर असूनही चाकं आपोआप आत-बाहेर वळतात. ब्रेकचा पाइप आखूड पडला, तर चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर तो ताणला जातो. हे पाहायला पाच मिनिटं पुरतात, आणि पाहत कोणीच नाही.

‘मऊ वाटते? रिंग फिरवून स्प्रिंग कडक करा.’ शॉकअपवरची रिंग खाली फिरवल्याने साधी, एकसारख्या पिळाची स्प्रिंग कडक होत नाही. एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर आधी होता तेवढाच राहतो. वाढते ती गाडीची उंची आणि कमी होतो तो सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसते ते अंतर. रॅप्टरच्या पुढच्या चाकाची एकूण हालचाल 9.1 इंच, म्हणजे सुमारे 231 मिलिमीटर. यातला चौथा ते तिसरा हिस्सा सॅगमध्ये जावा, असा ढोबळ नियम आहे. चाक खड्ड्यात खाली उतरायला ही जागा लागते. रिंग आवळून ती जागा खाल्ली, की चाक उतारावर जमीन सोडतं आणि हँडल हातात थरथरतं. मोजायला टेप पुरते. पुढचा भाग उचलून एकदा मोजायचं, मग हेल्मेट-बुटांसकट बसून दुसऱ्याला मोजायला सांगायचं. रिंग बरीच आवळूनही सॅग जास्तच येत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनासाठी नाही, एवढंच त्यातून कळतं.

‘लाँग ट्रॅव्हल, म्हणजे लांब शॉकअप, घेतलं की चाक जास्त हलतं.’ फारसं नाही. चाकाच्या हालचालीला फ्रेमची उंची, आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा कोन आणि टाय रॉड यांची मर्यादा असतेच. वाढते ती शॉकअपच्या दांड्याची हालचाल, कारण लांब शॉकअप आर्मच्या बाहेरच्या टोकाजवळ बसतो. चाकाच्या प्रत्येक इंचाला दांडा जास्त सरकतो, तेल जास्त फिरतं आणि ताबा बारकाईने ठेवता येतो. रेसिंगवाले हीच गोष्ट विकत घेतात. रविवारी टेकड्यांवर फिरणाऱ्याला तिची गरज क्वचितच पडते.

‘हाय स्पीडचा स्क्रू वेगात चालवणाऱ्यांसाठी.’ वायएफझेड450आरच्या शॉकअपवर कंप्रेशनचे, म्हणजे शॉकअप दबताना तेलाचा विरोध ठरवणारे, दोन स्क्रू आहेत, हाय आणि लो. हा वेग गाडीचा नसतो, शॉकअपच्या दांड्याचा असतो. अगदी सावकाश जाताना चाकाखाली टोकदार दगड आला, तर दांडा झटक्यात आत जातो. तिथे हाय स्पीड लागतो. उलट, भरधाव जाताना ब्रेक मारला आणि नाक हळूहळू खाली झुकलं, तर तो लो स्पीडचा प्रांत. म्हणून आधी दगड त्रास देतोय की ब्रेक, हे ठरवावं. मग एकच स्क्रू, एका वेळी दोन क्लिक.

चाकाला बाहेर ढकलणारा स्पेसर लावणं म्हणजे स्वस्तातले ए-आर्म, असंही मानतात. रुंदी मिळते खरी, पण टायर वळण्याच्या अक्षापासून दूर जातं. मग एका चाकाला लागलेला दगड थेट मनगटापर्यंत पोहोचतो, आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो.

या सगळ्याआधी टायरची हवा पाहावी. क्वाडच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयच हवा असते, त्यामुळे एका पीएसआयचा फरकसुद्धा मोठा ठरतो. पंपाचा नेहमीचा मीटर इतकं कमी माप नीट दाखवतही नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा. आणि शॉकअपमधलं तेल कायमचं नसतं. वर्षानुवर्षं न उघडलेला जुना शॉकअप दुरुस्त करून, तुमच्या वजनाच्या स्प्रिंगसह बसवला, तर दुसऱ्याच्या वजनाला बेतलेल्या महागड्या सेकंडहँड शॉकअपपेक्षा तो बरा. फक्त तो घरी उघडू नये. आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तो आधी सोडावा लागतो आणि काम झाल्यावर पुन्हा भरावा लागतो, आणि त्याची सोय शॉकअप दुरुस्त करणाऱ्याकडेच असते.