बल्ब लावतानाच का उडतो?

गोदाकाठच्या शहागडसारख्या गावांत घरोघरी एलईडी दिवे आले, तरी जुना तारेचा बल्ब अजून हद्दपार झालेला नाही. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तोच उपयोगी पडतो, कारण एलईडीची उष्णता फार कमी असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. थंडीच्या रात्री लाईट गेली, परत आली आणि त्याच क्षणी बल्ब उडाला, तर पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि दबून मरतात. चार कोंबड्या पाळून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या भगिनींसाठी हे नुकसान लहान नसते.

बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का उडतो? बल्बमधील टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे २५०० अंशांपर्यंत तापते. तापलेली तार विजेला जास्त अडवते, थंड तार फार कमी. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. थंड असताना तो ६०-७० ओहमच भरतो. त्यामुळे नेहमी पाव अँपिअर घेणारा बल्ब पहिल्या क्षणी तीन अँपिअरहून अधिक वीज ओढतो. वापराने तार जिथे झिजलेली असते, तिथे हा धक्का तिला तोडतो.

यावर साधा उपाय म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. हा छोटा भाग बल्बच्या फेजच्या वायरमध्ये ओळीने जोडतात. थंड असताना तो वीज अडवतो आणि तापत गेला की वाट मोकळी करतो. बल्ब झटक्याने न पेटता हळूहळू उजळतो. मात्र पॉवर सप्लायसाठी मिळणारा ५-१० ओहमचा थर्मिस्टर इथे फारसा कामाचा नाही. काही शे ओहमचा आणि बल्बचा प्रवाह झेपणारा घ्यावा.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थर्मिस्टर चांगलाच तापतो, म्हणून तो चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये, भुसा आणि प्लास्टिकपासून दूर, जाणकार वायरमनकडून मेन स्विच बंद करूनच बसवावा. लाईट जाऊन लगेच आली, तर थर्मिस्टर गरमच असतो आणि धक्का अडवत नाही. शिवाय तारेची रोजची झीज तो थांबवत नाही. व्होल्टेज वाढले की ती झपाट्याने होते.

म्हणून पिल्लांसाठी एका मोठ्या बल्बवर विसंबू नये. १०० वॅटच्या एका बल्बऐवजी ६० वॅटचे दोन लावावेत आणि प्रत्येकाला वेगळा थर्मिस्टर द्यावा. एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत थोडीफार ऊब देत राहील.

शेतावरच्या मोटारीचेही असेच आहे. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सात पट वीज ओढते, म्हणून मोठ्या मोटारींना स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. मोटारीसाठी आपण जी काळजी घेतो, तीच थोड्या खर्चात पिल्लांच्या बल्बसाठीही घेता येते.